पानिपत मराठ्यांनी जिंकलं, ती विज्ञानकथा कोणती?

तुम्ही विचारलंय : शाळेत असताना एक कथा वाचली होती, त्यात एक प्राध्यापक रेल्वेने मुंबईला पोहोचतात तर तिथे अजून इंग्रजच, आणि शेवटी कसलासा कागद निघतो. नाव आठवत नाही. परदेशी कथेचं भाषांतर होतं का?

भाषांतर नाही. ही जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतक्या खात्रीने सांगतोय, कारण हीच कथा मीही कित्येक वर्षं शोधत होतो.

मी ती ग्वाल्हेरला, तिथल्या लष्कर नावाच्या भागातल्या एका मराठी वाचनालयात वाचली. पुस्तकाची पहिली पानं गेलेली, वर लाल कापडाची बांधणी. त्यामुळे ना पुस्तकाचं नाव कळलं, ना लेखकाचं. पुढे ज्याला विचारावं त्याला मी 'पानिपतच्या रणांगणावर जाणारा माणूस' असं सांगायचो, आणि तिथेच चुकत होतो. गंगाधरपंत, म्हणजे तुम्हाला आठवणारे ते प्राध्यापक, रणांगणावर जातच नाहीत. ट्रकची धडक बसते आणि ते दुसऱ्याच एका हिंदुस्थानात जागे होतात. तिथे दिल्ली मराठ्यांच्या हातात आहे, मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनी टिकून आहे. तुम्हाला इंग्रज आठवतात ते यामुळे.

आता तो कागद. पंत मुंबईत टाउन हॉलच्या ग्रंथालयात बखर उघडतात. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागते आणि लढाई फिरते. त्या बखरीत गोळी कानाजवळून जाते, चुकते ती तिळाएवढ्या अंतराने. ते पान पंतांच्या खिशात राहतं आणि त्यांच्याबरोबर आपल्या जगात येतं. मग कथेतले पंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना समजावतात की निर्णायक क्षणी जरासा फरक पडला तरी पुढचं सगळं बदलतं, आणि इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे जसं आधी सांगता येत नाही, तशी एकाच वेळी अनेक जगं असू शकतात. शाळेत असताना हा भाग मला कळला नव्हता. तीळ मात्र पक्का लक्षात राहिला.

आमच्या घरी संक्रांतीला तिळगूळ देताना आजी पानिपत सांगायची. जनकोजी शिंदे त्यात मारले गेले, महादजी जखमी होऊन वाचले आणि जन्मभर लंगडत चालले. शिंद्यांच्या गावात वाढलेल्या मुलाला ते तिळाएवढं अंतर घरचंच वाटलं. आजीला ही कथा वाचून दाखवायची होती. ते राहून गेलं.

मला नाव सापडलं ते भाचीमुळे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात हीच कथा 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाने आहे, थोडी कापलेली. ती धडा मोठ्याने वाचत होती. कानाजवळून गेलेली गोळी आली आणि मी हातातला चहा खाली ठेवून तिच्याकडून पुस्तकच घेतलं.

तुम्हीही आधी तो धडा वाचून पाहा, सहज मिळेल. मग मराठी मूळ कथा जरूर शोधा. आणि एक सांगा : रेल्वेत पंतांशेजारी बसलेले, पेशावरला निघालेले खानसाहेब तुम्हाला आठवतात का? आठवत असतील तर तुमची आणि माझी कथा एकच.