वाचक विचारतात : स्थिरांक सापडत नाहीत, काय करू?

प्रश्न : जेनेटिक प्रोग्रामिंग (सूत्रांची झाडं पिढ्यान्‌पिढ्या निवडत, बदलत नेण्याची पद्धत) वापरून सेल्सिअसवरून फॅरनहाइटचं सूत्र शोधतोय. पायथनच्या डीईएपी लायब्ररीतल्या नमुन्यातून स्थिरांकाची ओळ जशीच्या तशी उचलली. झाडं फोफावतात, पण १.८ आणि ३२ काही येत नाहीत. पिढ्या वाढवू का?

उत्तर : पिढ्या वाढवून विशेष काही होणार नाही. घोळ त्या उचललेल्या ओळीतच आहे. तिथे ‘रँडिंट’ला (यादृच्छिक पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनला) -१ आणि १ या मर्यादा आहेत, म्हणजे -१, ०, १ एवढेच आकडे मिळणार. मग ३२ म्हणजे पाच वेळा (१+१) चा गुणाकार: १० पानं (झाडाच्या टोकाचे आकडे), ९ क्रिया, मिळून १९ नोड. एवढी फांदी तयार होईपर्यंत क्रॉसओव्हर (दोन झाडांतल्या फांद्यांची अदलाबदल) ती मध्येच तोडतो.

मर्यादा वाढवा, अपूर्णांकही देणारं ‘युनिफॉर्म’ वापरा. पण तेवढ्याने भागत नाही. जेनेटिक प्रोग्रामिंग रुजवणाऱ्या जॉन कोझांच्या १९९२च्या मूळ पद्धतीत पान तयार होताना आकडा एकदाच निघतो, पुढे तो फक्त या झाडातून त्या झाडात जातो. डीईएपीचं ‘म्युट-इफेमेरल’ हे स्थिरांक बदलणारं फंक्शनही आकडा सरकवत नाही, नवाच काढतं, ३१.६ चा -७ होऊ शकतो. त्यामुळे स्वतःचं म्युटेशन (झाडात छोटा बदल करणारं फंक्शन) लिहा: जुन्या आकड्यात गॉसियन (घंटाकृती वितरणातला) यादृच्छिक फरक मिळवा, सिग्मा म्हणजे त्या फरकाचा पसारा आकड्याच्या ५-१० टक्के, अधिक ०.०१ (नाहीतर शून्य शून्यच राहतं). हे करताना नोडची किंमत जागेवर बदलू नका. झाडाची नक्कल केली तरी डीईएपी तेच नोड वापरते, म्हणजे पालकाचाही आकडा बदलतो, तोही गुपचूप. नवा नोड करून त्या जागी बसवा आणि झाडाचा जुना फिटनेस (गुण) पुसा, म्हणजे तो नव्याने मोजला जाईल.

खरं तर तुमच्या उदाहरणाला एवढंही नको. कायझर यांचं २००३चं रेषीय स्केलिंग लावा, म्हणजे झाडाच्या उत्तराला चढाने गुणून त्यात अंतःखंड मिळवा: झाडाचं उत्तर आणि लक्ष्य यांचं सहविचरण (कोव्हेरियन्स) भागिले उत्तराचं विचरण (व्हेरियन्स) म्हणजे चढ (स्लोप), लक्ष्याच्या सरासरीतून चढ गुणिले उत्तराची सरासरी वजा केली की अंतःखंड (इंटरसेप्ट). नुसतं ‘क्ष’ हे एका पानाचं झाडही मग १.८ आणि ३२ देऊन मोकळं होतं. विचरण शून्य असेल तर चढ शून्य धरा, नाहीतर भागाकार फसेल. साइनच्या आतल्या गुणकाला मात्र याचा उपयोग नाही. तिथे निवडक चांगल्या झाडांवर लेव्हनबर्ग-मार्क्वार्ट या चूक कमी करत आकडे जुळवणाऱ्या पद्धतीच्या ५-१० फेऱ्या द्या.

प्रश्न : फिझबझसारखे (३ ने भाग गेला तर ‘फिझ’, ५ ने गेला तर ‘बझ’ छापणारे) प्रोग्रॅम शोधतानाही हेच करायचं का?

उत्तर : नाही. तिथे ३ आणि ५ पूर्णांकच हवेत. ३.१ ने भागून बाकी काढण्यात अर्थ नाही, आणि चूक पायऱ्या-पायऱ्यांनी बदलत असल्याने चढ बघून पुढे सरकता येत नाही. प्रश्नाच्या मजकुरात दिलेले आकडे थेट पानं म्हणून द्या. जे दिलेले नाहीत त्यांच्यासाठी पूर्णांकांचा जनरेटर ठेवा आणि म्युटेशनमध्ये एकाने वर-खाली करा.