टेक्नोब्लेड कोण होता आणि माझी मुलगी त्याचे व्हिडिओ अजून का बघते?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमची तेरा वर्षांची मुलगी रोज रात्री जेवण झालं की टेक्नोब्लेड नावाच्या अमेरिकन मुलाचे माइनक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या खेळाचे व्हिडिओ लावते, त्याचं एक वाक्य घरभर म्हणत फिरते, आणि तो मुलगा 2022 मध्येच वारलाय हे परवा कळल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय. मी त्याला 2019 च्या शेवटापासून बघत आलोय, तेव्हा अकरावीला होतो. उत्तर जरा लांबेल, पण पूर्ण वाचा.

आधी घोराचं बोलतो. ती मरणाचं काही बघत नाही. त्याच्या शेकडो व्हिडिओंपैकी आजारपणाबद्दलचे अगदी मोजके आहेत, बाकी सगळे हसून हसून पोट दुखायला लावणारे. आपल्या घरात दिवाळीला एखादं जुनं नाटक पुन्हा लावतात, त्यातले कलाकार कधीच गेलेले असतात, तरी आपण हसतोच ना. तसंच आहे हे.

त्याचं खरं नाव अलेक्झांडर, घरचे ॲलेक्स म्हणायचे. जन्म 1 जून 1999, कॅलिफोर्नियातला. चौदा वर्षांचा असताना, 2013 मध्ये त्याने यूट्यूबवर चॅनेल काढलं. व्हिडिओत स्वतःचं तोंड क्वचितच दाखवायचा. खेळातला त्याचा अवतार म्हणजे डुकराचं तोंड, डोक्यावर सोन्याचा मुकुट आणि अंगावर राजाचा झगा. तुमच्या मुलीच्या वहीवर किंवा मोबाइलच्या कव्हरवर मुकुटवालं डुक्कर दिसलं तर ते तोच.

माइनक्राफ्ट म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचं जग. त्यात खणायचं, बांधायचं, शेती करायची, आणि काही सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या जागांवर, एकमेकांशी लढायचंही. हा लढण्यात विलक्षण तयार होता. हायपिक्सेल नावाच्या मोठ्या सर्व्हरवर पलंग राखायचा एक खेळ आहे, बेडवॉर्स. त्यात त्याने हजारावर डाव सलग जिंकले होते. 2019 मध्ये यूट्यूबरांसाठी माइनक्राफ्ट मंडे नावाची स्पर्धा भरायची, ती याने चार वेळा जिंकली. 2020 मध्ये ड्रीम या तेव्हाच्या सगळ्यात गाजलेल्या खेळाडूशी एक लाख डॉलरची लढत झाली, ती 6-4 ने मारली. त्या रात्री मी जागा होतो.

पण नुसतं जिंकणारे पुष्कळ असतात. याचं वेगळेपण होतं बोलण्यात. आवाज सपाट, बातम्या वाचल्यासारखा, आणि त्या आवाजात तो इतकं अचाट बोलायचा की आपल्याला कळायला दोन सेकंद जायचे. शिवाय कुठल्याही फुटकळ गोष्टीवर जीव तोडून मेहनत. एकदा त्याने माइनक्राफ्टचा सगळ्यात अवघड प्रकार, ज्यात एकदा मेलात की खेळच संपतो, तो गाड्यांच्या खेळासाठी असतं त्या स्टीअरिंग व्हीलने पूर्ण केला. म्हणजे चालायचं, मारायचं, बांधायचं, सगळं स्टीअरिंग फिरवून. असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला ते गमतीचं वाटलं एवढंच. कॉलेजात तो इंग्रजी शिकत होता, ते सोडून पूर्ण वेळ व्हिडिओ करायला लागला.

आता बटाट्यांचं सांगतो, कारण मी त्याच्यात गुंतलो तो तिथे.

हायपिक्सेलवर स्कायब्लॉक म्हणून एक प्रकार आहे. त्यात तुम्ही काढलेल्या प्रत्येक बटाट्याची नोंद राहते आणि कोणी किती काढले याची यादी लागते. त्या यादीत पहिला यायचं असं याने ठरवलं. वर आधीच एक खेळाडू बसला होता, तोही हटणारा नव्हता. मग दोघांमध्ये जुंपली. तासन् तास एकच काम, ओळीच्या ओळी बटाटे काढायचे, परत लावायचे, परत काढायचे. आकडा लाखांतून कोटींत गेला. आणि हे सगळं तो एखाद्या महायुद्धाचा इतिहास सांगावा तशा गंभीर आवाजात सांगतो. त्या मालिकेचं नावच 'द ग्रेट पोटॅटो वॉर'.

आमचं गाव सातगाव पठारावर, आंबेगाव तालुक्यात. पठारावर खरिपाला बटाटा हेच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. मंचरच्या बाजारातून बेणं आणायचं, फोडी करायच्या, जून-जुलैत लावायचं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. 2020 ला कॉलेज बंद होतं, त्यामुळे काढणीला मी पूर्ण वेळ घरी. दिवसभर सऱ्या फोडायच्या, मागून वेचायचं, गोण्या भरायच्या. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही आणि नखांतली माती निघत नाही. गोठ्यामागच्या भिंतीला टेकलं की तेवढी रेंज यायची. तिथे बसून मी बटाट्यांचं युद्ध बघायचो.

एकदा आप्पा, म्हणजे माझे वडील, बादली घेऊन आले आणि मागे उभे राहिले.

"हा पण बटाटेच काढतोय का रं?"

"हो."

"किती काढले?"

मी आकडा सांगितला. त्यांना वाटलं मी शून्यं चुकलो.

"मग भाव काय मिळाला त्याला?"

"भावासाठी नाही काढत आप्पा. पहिला नंबर यावा म्हणून."

ते काही बोलले नाहीत. बादली खाली ठेवली आणि व्हिडिओ संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. नंतर दोन-तीन दिवसांनी जेवताना विचारलं, "त्या पोराचा आला का नंबर?" आला होता. मी सांगितलं तर त्यांनी मान हलवली, जशी ते दुसऱ्याचं चांगलं पीक बघून हलवतात. मला त्या वर्षी वाकून वाकून वीट आला होता. पण पडद्यावर एक मुलगा तेच कंटाळवाणं काम स्वतःहून अंगावर घेतोय आणि त्यातून इतकी मजा काढतोय हे बघून मला दुसऱ्या दिवशी पुन्हा सरीत उतरायला बळ यायचं. हे मी मनापासून सांगतोय. तुमच्या मुलीला त्याच्यात काय मिळतं ते मला नक्की सांगता येणार नाही, पण मला हे मिळालं.

पुढे तो ड्रीम एसएमपी नावाच्या सर्व्हरवर आला. तिथे हे यूट्यूबर मिळून एक लांबलचक कथाच खेळत होते, राज्यं उभारायची, बंडं करायची. हा तिथे कुठलंही सरकार न मानणारा. फिल्झा नावाचा त्याच्याहून वयाने मोठा खेळाडू त्याचा सोबती, ती जोडी मुलांना फार आवडते. तो भाग तुम्ही मुलीकडूनच ऐका, ती तासभर सांगेल.

आता आजाराचं. ऑगस्ट 2021 मध्ये त्याने एक व्हिडिओ टाकला. जुलैअखेर उजवा हात दुखायला लागला, सतत खेळून ताण आला असेल असं त्याला वाटलं, मग खांदा सुजला, तपासलं तर गाठ निघाली. सार्कोमा. हाडात किंवा स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा हा कर्करोग आहे. मोठ्या माणसांच्या सगळ्या कर्करोगांत त्याचं प्रमाण साधारण 1 टक्काच, लहान मुलांत आणि तरुणांत मात्र त्या मानाने जास्त. ताई, इथे एक स्पष्ट सांगतो, खेळल्यामुळे हा होत नाही. हात खेळाने दुखतोय असं त्याला वाटलं, ते चुकलं होतं. तुमच्या मनात ती शंका असेल तर काढून टाका. मात्र पोरांचं एखादं दुखणं आठवड्यांमागून आठवडे राहिलं, गाठ किंवा सूज दिसली, तर "मोबाइलमुळेच असेल" म्हणून सोडून देऊ नका, दाखवून या.

केमोथेरपी चालू असतानाही तो व्हिडिओ टाकायचा आणि स्वतःच्या आजारावर विनोद करायचा. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली, हात वाचला. आम्हाला वाटलं निघाला यातून. आणि तुमची मुलगी म्हणते ते वाक्य, 'टेक्नोब्लेड नेव्हर डाइज', म्हणजे टेक्नोब्लेड कधी मरत नाही, ते त्याचं जुनं पालुपद. खेळात अर्धा जीव उरलेला असताना निसटला की तो हे म्हणायचा. आजार कळल्यावर ते आमच्या सगळ्यांच्या तोंडी आलं.

1 जुलै 2022, शुक्रवार. आमच्याकडे लागवड चालू होती. ओसरीवर आजी आणि मी बेण्याच्या फोडी करत बसलो होतो. मोबाइलवर त्याच्या चॅनेलचा नवा व्हिडिओ दिसला, 'सो लाँग नर्ड्स'. विळी बाजूला ठेवून लावला. आवाज त्याचा नव्हता. त्याचे वडील बोलत होते आणि त्याने लिहून ठेवलेलं वाचत होते. पहिल्याच वाक्यांत तो म्हणतो, मी टेक्नोब्लेड, तुम्ही हे बघत असाल तर मी गेलोय.

मग तो आपलं खरं नाव सांगतो, ॲलेक्स. 2016 मध्ये एका व्हिडिओत त्याने भावंडाकडून स्वतःला मुद्दाम 'डेव्ह' म्हणवून घेतलं होतं. त्यानंतर हजारो अनोळखी लोक जवळीक दाखवायला त्याला डेव्ह, डेव्ह करत राहिले आणि हा मनात हसत राहिला. आपलं खासगी आयुष्य त्याने इतकं जपलं होतं. हा भाग तुम्ही मुलीशी जरूर बोला. इंटरनेटवर कोणाला काय सांगायचं नाही याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि तिच्या आवडत्या माणसाचं आहे म्हणून ती ऐकेल.

पुढे तो आभार मानतो, की तुम्ही घेतलेल्या कपड्यांच्या आणि चॅनेलच्या सभासदत्वाच्या पैशांतून माझी भावंडं कॉलेजला जातील, अर्थात त्यांना जायचं असेल तर, मेलेल्या भावाचा दबाव त्यांच्यावर नको. आणि म्हणतो, आणखी शंभर जन्म मिळाले तरी दर वेळी मी टेक्नोब्लेडच होईन, माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची वर्षं ती होती. वडील सांगतात, हे लिहून झाल्यावर तो साधारण आठ तास जगला. तेवीस वर्षांचा होता.

आजीने विचारलं, "कोण गेलं?" मी सांगितलं, की लांबचा एक मुलगा, बटाटेवाला. तिला आप्पांकडून तो माहीत होता. मग विचारलं, "हे बोलतंय कोण?" म्हटलं, त्याचे वडील. आजीचे हात थांबले. "बापानं वाचलं? कसं वाचलं असंल रं त्यानं." नंतर आम्ही दोघं बराच वेळ न बोलता फोडी करत राहिलो.

त्याच्या मागे जे झालं तेही सांगतो. माइनक्राफ्ट उघडताना जे चित्र दिसतं, त्यातल्या डुकराच्या डोक्यावर कंपनीने मुकुट चढवला. हायपिक्सेलवर मुलांनी निरोप लिहावेत आणि ते त्याच्या घरच्यांना मिळावेत अशी सोय केली, तिथे मीही मराठीत दोन ओळी लिहिल्या. त्याच्या नावाच्या वस्तूंच्या विक्रीतला वाटा अमेरिकेतल्या सार्कोमावर काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आला.

तुम्ही विचारलंय की आता काय करू. बंद करू नका. एका रात्री तिच्या शेजारी बसा आणि बटाट्यांचा व्हिडिओ लावायला सांगा. इंग्रजी भराभर आहे, अडेल तिथे तिला थांबवून विचारा, तिला समजावून सांगायला आवडेल. शेवटचा व्हिडिओ तुम्ही होऊन लावू नका. ती कधीतरी स्वतः दाखवेल. तेव्हा पत्र संपलं म्हणून मध्येच उठू नका, कारण पत्र संपल्यावर वडील स्वतःच्या शब्दांत आपल्या मुलाबद्दल बोलतात. ते पूर्ण ऐका.