बिट्टूला निरोप देताना

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

आपल्या कुत्र्याबद्दल तू विचारलंस, "बिट्टू गेल्यावर आपल्यात काय करतात? जाळतात की पुरतात? आणि आजोबांचं केलं तसं दहावं-तेरावं त्याचंही करायचं का?" डॉक्टरांनी हे आधीच ठरवून ठेवायला सांगितलंय ते बरं केलं. त्या दिवशी डोळे पुसत फॉर्म भरताना भलत्याच चौकटीत खूण होते आणि मग ती पुसता येत नाही.

कुत्र्यासाठी आपल्याकडे ठरलेला विधी नाही. त्याचं सुतक नसतं, दहावं-तेरावंही नसतं. गावाकडे बैल गेला की शेतात खड्डा खणून, मीठ घालून पुरतात. कुत्र्या-मांजरांना परसात जागा मिळते. शहरात परसच उरलं नाही, म्हणून आता दहन करतात. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. पण विधी नाही म्हणजे मान नाही असं समजू नकोस. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात. श्राद्धाला काकबळी आणि गोग्रासाबरोबर कुत्र्याचाही वाटा काढायची रीत आहे. तर्पणात तर 'आब्रह्मस्तंबपर्यंत', म्हणजे ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत, सगळ्यांना पाणी दिलं जातं. आजोबांच्या तर्पणात बिट्टूचंही नाव मनात घेतलंस तर काही चुकत नाही.

स्मारकाचंही तसंच. रायगडावरची वाघ्याची समाधी तू फोटोत पाहिली आहेस. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली या कथेला समकालीन पुरावा नाही, त्यावरून वादही झाले आहेत, आणि आजची समाधी विसाव्या शतकात बांधलेली आहे. त्याहून कितीतरी जुना दाखला शेजारच्या कर्नाटकात आहे. आतकूर इथल्या दहाव्या शतकातल्या वीरगळावर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची आठवण कोरली आहे. तेव्हा कुत्र्यासाठी दगड उभारणं हे इथे अमेरिकेत शिकलेलं नवं फॅड नव्हे.

आता निर्णयाचं. अंगणात पुरावं असं तुला वाटतंय, पण आम्हाला ते नको. घर भाड्याचं आहे, उद्या सोडावं लागेल. त्याहून मोठं कारण औषधाचं. शांतपणे कायमचं झोपवण्यासाठी देतात ते पेंटोबार्बिटल शरीरात बराच काळ टिकतं. खड्डा उथळ राहिला आणि कोल्ह्याने किंवा गरुडाने उकरून खाल्लं तर तो प्राणीही मरतो. म्हणून दहन.

दहनाचे तीन प्रकार आहेत. सामूहिक दहनात रक्षा परत मिळत नाही. दुसऱ्यात भट्टी एकच, पण प्राणी वेगवेगळे ठेवतात. यात थोडी रक्षा एकमेकांत मिसळतेच. तिसऱ्यात भट्टीत एका वेळी एकच प्राणी असतो. गोंधळ होतो तो नावांमुळे. एका ठिकाणी 'स्वतंत्र' म्हणून विकतात तो दुसऱ्या ठिकाणचा मधला प्रकार निघतो. म्हणून नाव विचारू नये, सरळ विचारावं: "त्या वेळी भट्टीत दुसरा प्राणी असेल का?" उत्तर लेखी घ्यावं. आकडा कोरलेला धातूचा बिल्ला आरंभापासून शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहतो का, हेही विचारावं, कारण कागदी चिठ्ठी आगीत टिकत नाही.

भट्टी साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसवर चालते. बिट्टूच्या ३० किलो वजनाला दीडदोन तास लागतील, मग थंड व्हायला वेळ. उरतात ती हाडंच. चुंबकाने धातूचे तुकडे काढून ती दळतात, म्हणून रक्षा राखेसारखी मऊ नसते, जाडसर वाळूसारखी आणि करडी-पांढरी असते. हे आधी माहीत असलं की डबा उघडताना दचकायला होत नाही. मोजायची रीत अशी: एका पौंडाला एक घन इंच. त्याचे ६६ पौंड, म्हणजे जेमतेम ११०० मिलिलिटर. देवघरातल्या तांब्यात बसेल असं वाटतं, पण बसत नाही. दीड लिटरचं झाकणाचं भांडं घेऊ. पुढेमागे विमानाने न्यायचं झालं तर धातूचं नको, लाकडी हवं. क्ष-किरणात आतलं दिसलं नाही तर सुरक्षा तपासणीत अडवतात, आणि ते भांडं उघडूनही पाहत नाहीत.

पंजाचा ठसा मात्र तो जिवंत असतानाच घेऊ, तो गाढ झोपला की. पंजाच्या गाद्यांमधले केस कापायचे, मातीची एक सेंटिमीटर जाड पोळी लाटायची, पंजा मागून पुढे दाबायचा. सावलीत दोनतीन दिवस उलटत-पालटत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर तडे जातात. पट्टा आधी काढून घ्यायचा. त्याचं रबरी हाड सोबत द्यायचं नाही, भट्टीत प्लास्टिक-रबर चालत नाही. सुती चादर चालते का ते विचारू.

तो रात्री घरीच गेला तर घाबरू नकोस. खाली प्लास्टिक आणि वर टॉवेल, कारण लघवी सुटते. काही तासांत शरीर ताठरतं, म्हणून पाय आधीच पोटाशी दुमडायचे. डोळे पूर्ण मिटत नाहीत, ते तसंच असतं. हीटर बंद करून बर्फाच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून पोटाशी ठेवायच्या.

रक्षा तुळशीत घालू या असं आजी फोनवर म्हणाली. नको. रक्षा तीव्र अल्कधर्मी आणि खारट असते, कुंडीतली मुळं जळतात. मोठ्या झाडाखाली मूठभर, भरपूर कंपोस्टमध्ये मिसळून आणि विखरून, एवढंच करता येतं. समुद्रात सोडायचं तर लक्षात ठेव, अस्थी समुद्रात सोडण्याचा इथला सर्वसाधारण परवाना फक्त माणसांसाठी आहे.

राहिला दगड. ग्रॅनाइटवर खोल, वाळूच्या माऱ्याने कोरून घेऊ. फिक्या दगडावरची लेझरची अक्षरं उन्हापावसात पुसट होतात. नाव देवनागरीत हवं असलं तर कारागिराला टाइप करून पाठवायचं नाही. त्याच्या संगणकावर 'बिट्टू'ची वेलांटी ब च्या उजवीकडे जाते आणि ट्ट सुटून हलन्त दिसतो. अक्षरांचं रेखाचित्र करून पीडीएफ पाठवू, आणि कोरण्याआधी नमुना मागवू. तो आधी तू वाच, मग आम्ही वाचू, आणि तिघांना पटल्यावरच होकार कळवू.

तुझे,
आई-बाबा