माळ्यावरची तोड्याची बंदूक कलादालनात नेताना

तुमचा प्रश्न वाचला. आजोळच्या वाड्यात माळ्यावर तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडवायची बंदूक सापडली, ती जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात मांडायची आहे, जमलं तर विकायचीही आहे. पण कलेची माणसं शस्त्राकडे वळतील का, ही शंका. वळतात. मात्र ती 'कुणी चालवली' यापेक्षा 'कशी घडवली' हे दाखवावं लागतं.

त्याआधी एक काम आजच करा. नळीच्या तोंडातून लाकडाची बारीक काठी हलकेच आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून कानापर्यंत, म्हणजे दारू पेटवायच्या मागच्या बारीक छिद्रापर्यंत पोचते का बघा. दोन-चार बोटं कमी भरली तर आत जुना बार, म्हणजे भरून ठेवलेली दारू-गोळी असू शकते. मग काही उकरत बसू नका, पोलीस ठाण्यात कळवा.

आता कागद. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना सूट आहे. पण दुरुस्त करूनही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशालाच. तुमची त्यात बसते की नाही, हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. शस्त्र परवाना शाखेत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. कोकणात शेत राखायला परवान्यावर ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक ठेवतात, तसलीच ही निघाली तर विषयच वेगळा. शिवाय वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. देशात विकता येते, पण परदेशातल्या संग्राहकाला धाडता येत नाही. भाच्याच्या सामानातूनसुद्धा नाही!

आता खरी गंमत. नळी खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरा. पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा दिसल्या तर लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून ती नळी जोडलेली आहे. या रेषांसाठी जाणकार थांबतात. नळीचं तोंड वाघाच्या जबड्यासारखं घडवलंय का? कानाजवळ कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसवलेली नक्षी आहे का? रंजकाच्या, म्हणजे कानाशी ठेवायच्या पेटवणीच्या दारूच्या वाटीचं झाकण अजून फिरतं का? दस्ता (मागचा लाकडी भाग) सरळ, सडपातळ आणि पाच पैलूंचा आहे की मागे वळलेला? सिंधकडच्या बंदुकांचे दस्ते चांगलेच वळलेले असतात. प्रत्येकाचा जवळून फोटो काढा. पूर्ण बंदुकीचा एकच पुरे, भिंतीवर टेकवलेल्या लांब दांडक्याकडे कोण बघत बसणार?

आणि कृपा करून घासू नका. चिंच, लिंबू, पितळ चकाकवायचं पॉलिश, काही नको. लोखंडावर पातळ तेलाचा हात पुरतो आणि लाकडाला कोरडं फडकं. पूर्वी मी एक नळी हौसेनं चकचकीत केली होती. कोफ्तगिरीचं अर्धं सोनं फडक्याबरोबर गेलं. भाव गेला तो गेलाच, पण ती नक्षी मी आजही विसरलेलो नाही.

दुसरी फजिती पाटीची. पहिल्या प्रदर्शनात मी झोकात 'शिवकालीन बंदूक' असं लिहिलं. एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ वाकून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अहो, हिला केप बसवायची बोंडी आहे." केप म्हणजे ठोक्यानं पेटणारी छोटी टोपी, आणि ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली! नळी कदाचित जुनी असेल, चाप नंतर बदललेला. मी संध्याकाळपर्यंत पाटी उलटी करून ठेवली होती.

तेव्हापासून पाटीवर दिसतं तेवढंच लिहितो: पिळीव लोखंडाची नळी, सोन्याची कोफ्तगिरी, चाप नंतर बदललेला, अमुक गावच्या घरातून. घराण्याची दंतकथा कुणी विचारलीच तर तोंडी सांगायची, तीही 'आमच्याकडे असं म्हणतात' म्हणून. घेणारे या पाटीवर जास्त विश्वास ठेवतात, असा माझा अनुभव. तुमच्याकडच्या नळीचा तिरप्या उजेडातला फोटो टाका, मग दस्त्याबद्दल बोलू.