पार्टटाइमची रजा: 12 नाही, 16.8 दिवस

‘बँक हॉलिडे तुमच्या वारी आला तर तुमचा, नाही आला तर गेला.’ ब्रिटनमधल्या पार्टटाइम नोकरीत वर्षाला किती पगारी रजा मिळायला हवी, या तुमच्या प्रश्नात एचआरचं हे वाक्य वाचलं आणि जुनं दुखणं ठणकलं. (बँक हॉलिडे म्हणजे ब्रिटनमधली सार्वजनिक सुट्टी.) शब्दसुद्धा तेच. आधीच सांगतो, मी वकील नाही. खालचं सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरतं आहे, उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे.

तुमची माहिती अशी: मंगळ, बुध, गुरू असे 3 दिवस, रोज 8 तास, तासाला 13 पौंड. रजेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. फुलटाइमवाल्यांना 20 दिवस अधिक 8 बँक हॉलिडे. तुम्हाला 20 च्या तीन पंचमांश म्हणून 12 दिवस, आणि वर ते वाक्य.

कायद्यात रजा आठवड्यांत मोजलेली आहे. वर्षाला 5.6 आठवडे, पार्टटाइमलाही तेवढेच. तुमचा आठवडा 3 दिवसांचा, म्हणून 5.6 गुणिले 3, म्हणजे 16.8 दिवस. कंपनी बँक हॉलिडे यातच धरू शकते, त्या दिवशी सुट्टी दिलीच पाहिजे असंही नाही. पण एकूण बेरीज 16.8 च्या खाली जाता कामा नये. आता 2026 चं कॅलेंडर उघडा. इंग्लंडच्या 8 बँक हॉलिडेंपैकी मंगळ-बुध-गुरूवर किती? एकच, 1 जानेवारीचा गुरुवार. ख्रिसमस शुक्रवारी, बॉक्सिंग डे (ख्रिसमसचा दुसरा दिवस) शनिवारी, म्हणून त्याची बदली सोमवारी 28 तारखेला. बाकीचे ठरलेले सोमवार आणि गुड फ्रायडे. म्हणजे एचआरच्या हिशोबाने तुमच्या पदरात 13 दिवस, 3.8 दिवस गायब. तासांत 30.4, पैशात 395 पौंड 20 पेन्स. 16.8 चे 16 करणारेही भेटतील. खाली गोल करता येत नाही, वर केलं तर त्यांची मर्जी.

आणि कंपनी फुलटाइमला 25 अधिक 8 देत असेल तर तुमचे 19.8 होतात. पार्टटाइम आहे म्हणून कमी वागणूक द्यायची नाही, हा 2000 सालापासूनचा वेगळा नियम आहे. एचआरला तो आठवत नाही, आठवण करून द्यावी लागते.

माझं मत विचाराल तर रजा दिवसांत मागूच नका, तासांत मागा. तुमचे 134.4 तास. शिफ्ट सारख्या असतील तर फरक पडत नाही, पण एक दिवस 10 तास आणि एक 6 तास असा रोटा (शिफ्टचं वेळापत्रक) असेल तर ‘एक दिवस रजा’ म्हणजे नक्की किती, यावरून दर वेळी वाद होतो.

झिरो अवर्सवर, म्हणजे ठरलेले तास नसलेल्या करारावर, असलेल्या तुमच्या मैत्रिणीचं गणित निराळं. 1 एप्रिल 2024 रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजा-वर्षापासून अनियमित तासांवाल्यांची रजा केलेल्या तासांच्या 12.07 टक्के दराने साठते. महिन्यात 68 तास केले तर 8.2, म्हणजे 8 तास. यांना रजेचे पैसे दर पगारात मिळवून देण्याची मुभा कंपनीला आहे, पण पेस्लिपवर ती रक्कम वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. ‘तासाच्या दरात धरलंय’ हे तोंडी उत्तर चालत नाही. तुमचे तास ठरलेले आहेत, त्यामुळे ही पद्धत तुम्हाला लावता येत नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. मला सगळ्यात महाग पडली ती मुदत. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीच्या वादांच्या न्यायाधिकरणाकडे, जायला 3 महिने उणे 1 दिवस मिळतो. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसे 28 एप्रिलच्या पगारात यायला हवे होते आणि आले नाहीत, तर शेवटचा दिवस 27 जुलै. कंपनीत लेखी तक्रार दिली म्हणून हे घड्याळ थांबत नाही! ते थांबतं अकासकडे (नोकरीच्या वादांत मध्यस्थी करणारी सरकारी संस्था) अर्ली कन्सिलिएशनचा, म्हणजे दाव्याआधीच्या तडजोडीचा, अर्ज केल्यावर, आणि तो अर्ज न करता ट्रायब्युनलचा दावा बहुधा घेतलाच जात नाही. एचआरचे मेल मात्र गोड असतात. ‘पेरोलकडे पाठवलंय’, ‘मॅनेजर सुट्टीवर आहेत’, ‘पुढच्या पगारात बघू’. चार मेलांत दोन महिने जातात. मुद्दाम करतात असं म्हणत नाही, पण त्या चालढकलीचा फायदा दर वेळी एकाच बाजूला होतो. मुदत 6 महिने करणारा कायदा 2025 मध्ये मंजूर झाला आहे, पण ती तरतूद तुम्हाला लागू झाल्याची खात्री होईपर्यंत तुम्ही 3 महिनेच धरून चाला. अकास आणि ट्रायब्युनल दोन्हीकडे फी नाही, तेव्हा ‘आधी इथे मिटतंय का पाहू’ म्हणून थांबण्यात काही वाचत नाही.

तुम्ही अजून नोकरीत आहात, म्हणून आधी एक छोटा मेल. ‘माझी वार्षिक रजा 5.6 गुणिले 24 तास, म्हणजे 134.4 तास होते. तुमच्या नोंदीत किती आहे ते लेखी कळवा.’ एवढंच. कायद्याची कलमं पहिल्याच मेलमध्ये ओतलीत की तो मेल थेट वरच्या माणसाकडे जातो आणि तिथेच पडून राहतो. उत्तराला सात दिवस द्या. मग उरलेली रजा प्रत्यक्ष मागा, कारण नोकरीत असताना कायद्याच्या रजेऐवजी पैसे घेता येत नाहीत, ते फक्त नोकरी सुटताना. करारात वेगळं काही नसेल तर नोटीस रजेच्या दुप्पट, 4 दिवसांसाठी 8 दिवस आधी. नकार द्यायचा तर त्यांनीही रजेइतके दिवस आधी कळवायला हवं, आणि तो नकार लेखी घ्या.

सोडायचा विचार असेल तर हिशोब आधी करून ठेवा. सप्टेंबरअखेर सोडलंत तर 16.8 चे ढोबळ तीन चतुर्थांश, 12.6 दिवस. 8 घेतले असतील तर 4.6 दिवसांचे 478 पौंड 40 पेन्स निघतात. राजीनामा देण्याआधी रोटा अ‍ॅपमधल्या शिफ्टचे आणि रजेच्या शिलकीचे स्क्रीनशॉट काढा, पेस्लिपा स्वतःच्या मेलवर घ्या. लॉगिन बहुतेक ठिकाणी शेवटच्या शिफ्टच्या संध्याकाळीच बंद होतं.