गाडीतला कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून दारातले स्पीकर बदलायचे आहेत. 300 वॉटचे घ्यावेत की 150 वॉटचे?

म्हणजे स्टिरिओ काढायचा नाही, वेगळा ॲम्प्लिफायर लावायचा नाही, पण पुढच्या दारातले स्पीकर चिरकायला लागलेत म्हणून नवे घ्यायचे आहेत. तसं असेल तर 300 आणि 150 हे दोन्ही आकडे विसरा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॉट बहुधा 'पीक' असतात, म्हणजे स्पीकर क्षणभर किती सोसेल एवढंच ते सांगतात. सोसणं वेगळं, वाजणं वेगळं. बघायचंच असेल तर बारीक अक्षरातला आरएमएस आकडा बघा, म्हणजे स्पीकर सतत किती वॉट सोसेल तो.

खरा प्रश्न आहे तुमचा स्टिरिओ किती ताकद देतो हा. त्याच्यावर 50 × 4 (चार स्पीकरना प्रत्येकी 50 वॉट) लिहिलेलं असलं तरी तोही कमाल आकडाच. गाडीच्या बॅटरीच्या 12-14 व्होल्टवर थेट चालणारा स्टिरिओ 4 ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध) स्पीकरला दर चॅनलमागे, म्हणजे एकेका स्पीकरमागे, साधारण 15 ते 20 वॉटच स्वच्छ देऊ शकतो. त्यापुढे आवाज वाढवलात की तो फाटायला लागतो, मग स्पीकर कितीही भारी असो.

म्हणून मी सगळ्यात आधी सेन्सिटिव्हिटी बघतो, म्हणजे ठरावीक ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. ही डेसिबलमध्ये दिलेली असते, आणि 3 डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॉटचा फरक. 93 डेसिबलचा स्पीकर 18 वॉटवर जेवढा वाजेल, तेवढंच वाजायला 87 डेसिबलच्या स्पीकरला 72 वॉट लागतील. ते तुमच्या स्टिरिओत नाहीतच. महागडे, जड चुंबकाचे स्पीकर लावून 'आधीचेच बरे होते' म्हणणारे लोक भेटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. तुम्ही 90 च्या वरचे शोधा. यातही एक मेख आहे. काही कंपन्या हे माप 1 वॉटवर देतात, काही 2.83 व्होल्टवर. 4 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॉट होतात, त्यामुळे तोच स्पीकर कागदावर 3 डेसिबलने सरस दिसतो. तुलना करताना दोन्ही मापं एकाच पद्धतीची आहेत ना, एवढं पाहा.

ओहम जुन्याइतकेच ठेवा. बहुतेक गाड्यांत 4 असतात, पण ज्या गाड्यांना कंपनीचाच वेगळा ॲम्प्लिफायर असतो त्यांतल्या काहींत 2 ओहमचे स्पीकर निघतात. तिथे 4 चे लावले तर आवाज कमी होतो. उलट, 4 ओहमसाठी बनवलेल्या स्टिरिओला 2 चे जोडले तर तो तापतो. जुन्या स्पीकरच्या मागे आकडा नसेल तर मल्टिमीटर लावा. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर तीन-साडेतीनच्या आसपास दिसतो, त्यात काही बिघाड नाही.

स्पीकर काढलेच आहेत तर ते खरंच गेलेत का तेही बघून घ्या. डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून वाजवा. खरखर स्पीकरबरोबर दुसऱ्या दारात गेली तर स्पीकर गेला. त्याच दारात राहिली तर वायर तपासा. दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीत सतत उघडमीट होऊन वायर आतून तुटते, आणि तो खर्च अगदीच किरकोळ असतो.

आकाराचं म्हणाल तर साडेसहा इंच म्हणजे सगळे सारखे असं समजू नका. स्क्रूची भोकं वेगळी असतात, खोली वेगळी असते. काच पूर्ण खाली घ्या आणि ती चुंबकाला घासणार नाही एवढी जागा मोजा. कमी पडली तर स्पेसर रिंग मिळते, पण तेवढा स्पीकर पुढे येतो, मग दाराच्या जाळीला लागतोय का तेही बघावं लागतं. कपलरसाठी (वायर जोडायच्या प्लगसाठी) तुमच्या गाडीचा ॲडॅप्टर घ्या, कंपनीची वायर कापू नका.

कोॲक्सियल (ट्वीटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर, आतच बसवलेला) की कंपोनंट (ट्वीटर वेगळा)? पुढे ट्वीटरसाठी आधीच जागा असेल आणि मन लावून ऐकत असाल तर कंपोनंट, नाहीतर चांगले कोॲक्सियल पुरेत.

आणि सगळे पैसे स्पीकरवर घालवू नका. थोडे दारावर खर्च करा. दार हाच स्पीकरचा डबा असतो, आणि कारखान्यातून येतं ते दार म्हणजे भोकं पडलेला पातळ पत्रा. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मागून निघालेला आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढचा बेस खाऊन टाकतो. भोकं बंद करा, बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारी) चिकटवा, रिंगच्या कडेला फोम लावा. फक्त दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रं मोकळी ठेवा, नाहीतर दार गंजेल. माझं मत विचाराल तर मधल्या दर्जाचा स्पीकर बंदिस्त दारात, उंची स्पीकर उघड्या दारातल्यापेक्षा चांगला वाजतो.

डोअर पॅड परत लावण्याआधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर जोडलेत का, ते तपासा. स्टिरिओमागचा कपलर काढून तिथल्या स्पीकरच्या वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचं प्लस प्लसच्या वायरीला. दोन्ही बाजूंचे कोन बाहेर उडाले पाहिजेत. एक आत गेला तर त्याची वायर उलटी आहे, आणि तसंच ठेवलंत तर बेस गायब होईल.

मागचे स्पीकर तूर्त राहू द्यात. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला आवाजाचा तोल) थोडा पुढे सरकवून ऐका, आणि मागे नेहमी कुणी बसत असेल तरच मागचे स्पीकर बदलायचं बघा.