वावर मोजताना जीपीएस का सरकतं?

भाऊ, मोबाइलवर धुरा चार-पाच मीटर सरकलेला दिसला म्हणून शेजाऱ्याशी भांडू नका. उपग्रहाचा सिग्नल आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना रेंगाळतो, अन् त्यामुळे अंतर चुकीचं मोजलं जातं. हा उशीर भर दुपारी दोनच्या सुमारास सर्वांत जास्त, म्हणून सकाळीच मोजा.

मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास दिवस मावळल्यावर तर नकोच. सिग्नल लुकलुकतो, कधी तुटतोही.

पुढे रिसीव्हर घ्यायचाच झाला तर एल१ आणि एल५ या उपग्रहाच्या दोन्ही फ्रिक्वेन्सी पकडणारा घ्या. फ्रिक्वेन्सी कमी तसा उशीर जास्त, त्यामुळे दोन्हींच्या फरकातून हा उशीर काढून टाकता येतो. गणित सध्या राहू द्या.

आणि हो, निंबाखाली उभं राहून आयनोस्फिअरला दोष देऊ नका! नवखे हेच करतात. मोकळ्यात, धुऱ्याच्या दगडावर यंत्र ठेवा, आकडा स्थिरावू द्या.